एम्बेडेड बोर्डवरील पहिली आज्ञा : ‘यू-बूट’ बूटलोडरचा विकास, स्थापना व विन्यास – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

संगणकाच्या बोर्डला वीजपुरवठा मिळाल्यापासून ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होईपर्यंतचे काम ज्या लहान प्रोग्रॅमकडे असते त्यास बूटलोडर असे म्हणतात. संगणकाच्या इतिहासलेखनात हा घटक बहुधा दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात ‘यू-बूट’ या मुक्त बूटलोडरच्या जडणघडणीचा आढावा घेतला असून, तो बोर्डवर बसविण्याची व त्याचा विन्यास करण्याची पद्धत कशी बदलत गेली हे ‘बीगलबोन ब्लॅक’ या बोर्डच्या आधारे स्पष्ट केले आहे. बूटलोडर चुकीचा लिहिला गेल्यास बोर्ड कायमचा निकामी होण्याचा जो धोका सुरुवातीच्या काळात होता तो चिपमधील न पुसता येणाऱ्या रॉममुळे बराच कमी झाला. मात्र त्याच रॉमने पुढे वापरकर्त्याला बाहेर ठेवणारे कुलूपही शक्य केले, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : बूटलोडर, यू-बूट, एम्बेडेड बोर्ड, रॉम, एसपीएल, पर्यावरण चले, मुक्त सॉफ्टवेअर, सुरक्षित बूट.

१. प्रस्तावना

कोणत्याही संगणकापुढे सुरुवातीलाच एक तार्किक पेच उभा असतो. प्रोग्रॅम चालण्यासाठी तो मेमरीत असावा लागतो. आणि तो मेमरीत आणण्यासाठी आधी दुसरा एखादा प्रोग्रॅम चालू असावा लागतो. वीज बंद होताच मुख्य मेमरी रिकामी होते. म्हणून प्रत्येक वेळी यंत्र सुरू करताना हा पेच नव्याने सोडवावा लागतो. स्वतःच्या बुटांचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलण्याच्या अशक्य कृतीवरून इंग्रजीत या प्रक्रियेला ‘बूटस्ट्रॅप’ हे नाव मिळाले आणि पुढे त्याचेच ‘बूट’ झाले.

मेजावरील संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न वापरकर्त्याला सहसा जाणवत नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीपासून बायॉस या रॉममधील प्रोग्रॅमने यंत्र जागे करावे, डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटचा तुकडा मेमरीत आणावा व त्याकडे सूत्रे सोपवावीत, असा एक संकेत रूढ झाला. वेगवेगळ्या उत्पादकांची यंत्रे हा संकेत पाळत असल्यामुळे एकच ऑपरेटिंग सिस्टीम सर्वांवर चालू शकली. एम्बेडेड बोर्डच्या जगात मात्र असा समान संकेत नव्हता. टेलिफोन एक्स्चेंज, राउटर, कारखान्यातील नियंत्रक, वैद्यकीय उपकरणे यांतील बोर्ड परस्परांहून भिन्न. मेमरीची चिप वेगळी, घड्याळाची गती वेगळी, फ्लॅशचा पत्ता वेगळा. परिणामी बोर्ड ‘उठविण्याचे’ ज्ञान दीर्घकाळ उत्पादकाच्या कपाटात बंद राहिले. ते तेथून बाहेर कसे आले, हा इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) बूटलोडर या संकल्पनेच्या विकासाचे टप्पे पाहणे.
२) यू-बूट प्रकल्पाच्या जडणघडणीचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३) एका प्रत्यक्ष बोर्डवरील स्थापना व विन्यास यांची प्रक्रिया समजून घेणे.
४) बूटलोडरवरील नियंत्रणाचा शिक्षण व मालकी यांच्याशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाची व्याप्ती मुख्यतः पॉवरपीसी व आर्म या दोन प्रोसेसर-कुलांपुरती मर्यादित ठेवली आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी : हाताने भरलेली पहिली आज्ञा

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९६५ साली आणलेल्या ‘पीडीपी-८’ या लघुसंगणकाच्या दर्शनी भागावर स्विचांची ओळ असे. यंत्र सुरू केल्यावर चालक एकेक बारा-बिटी शब्द स्विचांवर मांडून तो मेमरीत जमा करी. अशा सुमारे सतरा शब्दांचा ‘रिम लोडर’ हाताने भरला की तो कागदी पट्टीवरून ‘बिन लोडर’ हा अधिक सक्षम प्रोग्रॅम वाचून घेई आणि हा दुसरा लोडर मुख्य काम आत आणी. लहानाने मोठ्याला, मोठ्याने त्याहून मोठ्याला हात द्यायचा, ही साखळी तेव्हाच सिद्ध झाली होती. आजच्या बोर्डमध्येही तीच साखळी आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१९७५ साली प्रसिद्धीस आलेल्या ‘अल्टेअर ८८००’ या संगणक-संचातही प्रारंभीचा लोडर स्विचांवरूनच भरावा लागे. या पद्धतीत कष्ट होते, चुकाही होत. परंतु एक गोष्ट नि:संशय होती. यंत्राची पहिली आज्ञा चालकाच्या हातात होती. पुढे लोडर रॉममध्ये कायमचा कोरला जाऊ लागला तेव्हा कष्ट संपले आणि त्याबरोबर पहिल्या आज्ञेवरील चालकाचा अधिकारही उत्पादकाकडे गेला. पुसून पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश मेमरी आल्यावर हा अधिकार काही अंशी परत मिळण्याची शक्यता निर्माण झाली. यू-बूटचा इतिहास या टप्प्यावर सुरू होतो.

४. ‘८एक्सएक्सरॉम’ ते ‘यू-बूट’

मोटोरोला कंपनीच्या ‘एमपीसी८एक्सएक्स’ मालिकेतील पॉवरपीसी प्रोसेसर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरसंचार उपकरणांत मोठ्या प्रमाणावर वापरले जात होते. त्या काळी बोर्ड उठविण्यासाठी मोटोरोलाचा ‘पीपीसीबग’ किंवा व्हीएक्सवर्क्स प्रणालीचा ‘बूटरॉम’ यांसारखे कंपन्यांचे स्वतःचे प्रोग्रॅम उपलब्ध होते. लिनक्स याच सुमारास एम्बेडेड क्षेत्रात प्रवेश करीत होते. पण लिनक्सचा गाभा मुक्त असूनही त्याला जागे करणारा प्रोग्रॅम मुक्त नसेल तर ते स्वातंत्र्य अपुरेच ठरणार होते.

मॅग्नस डॅम यांनी या मालिकेसाठी ‘८एक्सएक्सरॉम’ नावाचा बूटलोडर लिहिला होता. जर्मनीतील अभियंता वोल्फगांग डेंक यांनी तो आधारभूत धरून पुढील काम आरंभिले. प्रकल्प ‘सोर्सफोर्ज’ या सार्वजनिक भांडारात नेताना त्याचे नाव बदलावे लागले, कारण अंकाने सुरू होणारी प्रकल्पनावे तेथे चालत नसत. अशा रीतीने ‘पीपीसीबूट’ हे नाव पुढे आले व जुलै २००० मध्ये त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती प्रसिद्ध झाली. सोर्स कोडची साफसफाई करणे, नव्या बोर्डची भर घालणे सोपे करणे आणि लिनक्सच्या प्रतिमा उतरविण्याची सोय करणे, ही आरंभीची उद्दिष्टे होती. यांपैकी दुसरे उद्दिष्ट ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे ठरले. बोर्डनिहाय भाग वेगळा आणि समाईक भाग वेगळा अशी विभागणी झाल्यामुळे नव्या बोर्डसाठी सर्व काही पहिल्यापासून लिहिण्याची गरज उरली नाही.

पीपीसीबूटच्या सोर्स कोडवरून आर्म प्रोसेसरसाठी ‘आर्मबूट’ ही स्वतंत्र शाखा निघाली. दोन जवळजवळ सारखे प्रकल्प समांतर चालविण्यात श्रमांची पुनरावृत्ती होती. म्हणून दोन्ही प्रवाह पुन्हा एकत्र आणले गेले. ऑक्टोबर २००२ मध्ये ‘पीपीसीबूट २.०.०’ ही त्या नावाची अखेरची आवृत्ती निघाली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये ‘यू-बूट ०.१.०’ अवतरला. नावातील ‘यू’ हे अक्षर ‘युनिव्हर्सल’, म्हणजे सार्वत्रिक, या शब्दाचे. जर्मन भाषेत ‘यू-बूट’ म्हणजे पाणबुडी. ‘दास यू-बूट’ या पूर्ण नावात १९८१ च्या ‘दास बूट’ या प्रसिद्ध जर्मन चित्रपटाची हसरी आठवण आहे. पृष्ठभागाखाली राहून काम करणाऱ्या प्रोग्रॅमला हे नाव शोभलेही.

२००३ पासून एमआयपीएस व इतर प्रोसेसर-कुलांची भर पडत गेली. २००८ साली आवृत्तीक्रमाची जुनी पद्धत सोडून वर्ष व महिना दर्शविणारी पद्धत स्वीकारली गेली; ‘२००८.१०’ ही या पद्धतीची पहिली आवृत्ती होय. २०१२ साली डेंक यांनी मुख्य व्यवस्थापनाची धुरा टॉम रिनी यांच्याकडे सोपविली. २०१४ साली चालक-प्रोग्रॅमांचे समान प्रतिमान आणि लिनक्सच्या धर्तीवरील ‘केकॉन्फिग’ ही विन्यासपद्धती प्रकल्पात आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेंक यांचे निधन झाले. एका प्रोसेसर-मालिकेसाठी हाती घेतलेले काम तोवर अनेक प्रोसेसर-कुलांच्या असंख्य बोर्डांचा आधार बनले होते.

५. जुन्या पद्धतीतील स्थापना आणि तिचा धोका

पॉवरपीसीच्या त्या बोर्डांवर बूटलोडर ‘नॉर’ प्रकारच्या फ्लॅश मेमरीत, प्रोसेसर जेथून पहिली आज्ञा उचलतो नेमक्या त्याच पत्त्यावर बसविलेला असे. त्याच्या आधी काहीही नव्हते. नवी आवृत्ती बसवायची तर फ्लॅशचे संरक्षण काढणे, जुना मजकूर पुसणे व मेमरीत आणून ठेवलेला नवा मजकूर तेथे उतरविणे अशा तीन आज्ञा क्रमाने द्याव्या लागत. यू-बूट सुरू होताच स्वतःला मुख्य मेमरीच्या वरच्या टोकाला हलवितो. त्यामुळे आपलेच फ्लॅशमधील घर पाडून नवे बांधणे त्याला शक्य होते. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या आज्ञेच्या मधल्या काळात बोर्डवर बूटलोडर नावाची वस्तू केवळ चालू मेमरीत असे. या क्षणी वीज गेली, किंवा उतरविलेली प्रतिमा दुसऱ्याच बोर्डची निघाली, तर पुन्हा वीज दिल्यावर प्रोसेसरला उचलण्यासाठी काहीच उरत नसे.

अशा मृत बोर्डला जिवंत करण्यासाठी प्रोसेसरच्या पिनांवरून थेट आत शिरणारे ‘बीडीएम’ किंवा ‘जेटॅग’ प्रकारचे उपकरण लागे. ज्याच्याकडे हे उपकरण नाही त्याने बूटलोडरला हात लावू नये, असा अलिखित नियम त्यामुळे तयार झाला. सोर्स कोड सर्वांना खुला होता, पण तो वापरून पाहण्याचे धैर्य साधनांच्या मालकीवर अवलंबून होते. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासातील ही मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे.

६. ‘बीगलबोन ब्लॅक’ : साखळीची तीन कडी

२००८ साली ‘बीगलबोर्ड’, २०११ साली ‘बीगलबोन’ व एप्रिल २०१३ मध्ये ४५ अमेरिकन डॉलर किमतीचा ‘बीगलबोन ब्लॅक’ बाजारात आला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ‘एएम३३५एक्स’ कुलातील आर्म चिप, ५१२ मेगाबाइट डीडीआर३ मेमरी आणि बोर्डवरच बसविलेला ‘ईएमएमसी’ साठा ही त्याची ठळक वैशिष्ट्ये. बोर्डचे आराखडे प्रसिद्ध केलेले असल्यामुळे अभ्यासासाठी तो विशेष सोयीचा ठरतो.

या बोर्डवरील साखळीची पहिली कडी चिपच्या आतील रॉम ही आहे. ती कारखान्यात कोरलेली असून वापरकर्त्याला पुसता येत नाही. वीज मिळताच रॉम काही ठरावीक पिनांची स्थिती वाचते व त्यावरून बूटलोडर कोठे शोधायचा याचा क्रम ठरविते. सामान्य स्थितीत हा क्रम आधी ईएमएमसी, मग मायक्रोएसडी कार्ड, त्यानंतर सिरियल पोर्ट व शेवटी यूएसबी असा आहे. ‘एस२’ हे लहान बटण दाबून धरून वीज दिल्यास ईएमएमसी वगळली जाते व कार्डाला प्राधान्य मिळते. पिनांची स्थिती वीज देतानाच नोंदली जाते. म्हणून नुसते रीसेटचे बटण दाबून हा क्रम बदलत नाही. अनेक नवशिक्यांचा पहिला तास या एका बारकाव्यावर खर्ची पडतो.

रॉमला बाहेरची डीडीआर३ मेमरी वापरता येत नाही, कारण त्या मेमरीच्या वेळा व घड्याळ बोर्डनिहाय ठरवावे लागतात आणि ती माहिती रॉमला नसते. तिच्या हाताशी असते ती केवळ चिपमधील लहानशी मेमरी. तीत सुमारे १०९ किलोबाइटपर्यंतचाच प्रोग्रॅम उतरविता येतो. पूर्ण यू-बूट याहून बराच मोठा असतो. म्हणून दुसरी कडी आवश्यक ठरते. ‘एसपीएल’ हा यू-बूटचाच छाटलेला अवतार या बोर्डवर ‘एमएलओ’ नावाच्या फाइलीत असतो. तो डीडीआर मेमरी जागी करतो आणि तिसरी कडी, म्हणजे पूर्ण यू-बूट, तीत आणून ठेवतो. २००८ च्या बीगलबोर्डवर हे मधले काम ‘एक्स-लोडर’ नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम करीत असे. २०११ च्या सुमारास यू-बूटमध्येच एसपीएलची सर्वसाधारण चौकट तयार झाल्यावर त्याची गरज संपली. रिम लोडर, बिन लोडर व मुख्य प्रोग्रॅम या १९६५ च्या त्रयीशी या रचनेचे साम्य सहज लक्षात येण्यासारखे आहे.

येथे आणखी एका घटकाची नोंद घ्यावी लागते. जुन्या बीगलबोनवर डीडीआर२ मेमरी आहे, तर ब्लॅकवर डीडीआर३. तरीही एकच एमएलओ दोन्हींवर चालतो. बोर्डवरील एका छोट्या ईईप्रॉम चिपमध्ये बोर्डचे नाव लिहिलेले असते. एसपीएल ते वाचून मेमरीची योग्य मूल्ये निवडतो.

७. स्थापनेची प्रक्रिया

प्रत्यक्ष स्थापनेस नेहमीच्या संगणकावर सुरुवात होते. यू-बूटचा सोर्स कोड व आर्मसाठीचा क्रॉस कम्पायलर घेतला जातो. बोर्डकुलाचा ठरावीक विन्यास निवडून संकलन केले असता एमएलओ व यू-बूटची प्रतिमा अशा दोन फाइली तयार होतात.

त्या कार्डावर ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात कार्डावर ‘फॅट’ प्रकारचा, बूट करण्यायोग्य अशी खूण केलेला विभाग करून त्यात दोन्ही फाइली ठेवतात. दुसऱ्या मार्गात त्या फाइल-व्यवस्थेच्या बाहेर, थेट ठरावीक अंतरावर लिहितात. रॉम कार्डाच्या आरंभी तसेच १२८, २५६ व ३८४ किलोबाइट अंतरावर एमएलओ शोधते. आरंभीच्या जागेत विभागांची सारणी असते. त्यामुळे १२८ किलोबाइटवर एमएलओ व ३८४ किलोबाइटवर यू-बूट अशी मांडणी रूढ झाली. कार्डावरील पहिला विभाग यापुढे सुरू करण्याची काळजी घ्यावी लागते, अन्यथा विभाग तयार करतानाच बूटलोडर पुसला जातो.

बोर्डचे बोलणे ऐकण्यासाठी ‘जे१’ या सहा पिनांच्या जोडणीवर सिरियल केबल लावतात. तिची पातळी ३.३ व्होल्ट असावी लागते. संगणकाचा जुना आरएस-२३२ पोर्ट सरळ जोडल्यास चिप जळू शकते. गती ११५२०० बॉड ठेवली की आधी एसपीएलची, मग यू-बूटची ओळ पडद्यावर उमटते व दोन सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. या अवधीत स्पेसबार दाबला तर यू-बूट थांबतो आणि आज्ञेची वाट पाहतो. यंत्राच्या पहिल्या क्षणांत माणसाला पुन्हा प्रवेश मिळतो तो या दोन सेकंदांत.

८. विन्यास : चलांची भाषा

यू-बूटचा विन्यास दोन पातळ्यांवर होतो. संकलनाच्या वेळी कोणते घटक अंतर्भूत करावयाचे हे ठरते. २०१४ पूर्वी ही माहिती बोर्डनिहाय सी भाषेतील शीर्षक-फाइलींत असे. केकॉन्फिगमुळे ती हळूहळू निवडसूचीच्या रूपात आली. दुसरी पातळी आहे चालू अवस्थेतील ‘पर्यावरण चलां’ची. नाव व मूल्य अशा साध्या जोड्यांचा हा संच होय. ‘बूटडिले’ मध्ये प्रतीक्षेचे सेकंद, ‘बूटसीएमडी’ मध्ये आपोआप द्यावयाच्या आज्ञा आणि ‘बूटआर्ग्ज’ मध्ये लिनक्सला पोहोचवायचा निरोप असतो. ‘सेव्हएन्व्ह’ ही आज्ञा दिल्यावर बदल साठ्यात कायम होतात.

या संचासोबत एक तपासबेरीज साठविली जाते. ती जुळली नाही तर यू-बूट तशी सूचना देऊन संकलनातील मूळ मूल्ये वापरतो. नव्या बोर्डवर ही सूचना दिसली म्हणजे बिघाड झाला असा समज होतो; वस्तुतः अद्याप काही जतन केलेले नाही एवढाच तिचा अर्थ असतो. दूरच्या मनोऱ्यावर किंवा पंपघरात बसविलेल्या उपकरणाजवळ कोणी नसते. त्यासाठी चलांच्या दोन प्रती ठेवण्याची आणि बूटचे प्रयत्न मोजून मर्यादेनंतर पर्यायी आज्ञा चालविण्याची सोय आहे.

विन्यासातील चुका बहुधा मौनाच्या रूपाने प्रकट होतात. ‘कर्नल सुरू होत आहे’ या अर्थाची ओळ छापून यू-बूट बाजूला होतो आणि पुढे पडदा रिकामाच राहतो. अशा वेळी लिनक्स बंदच पडला असेल असे नाही. बूटआर्ग्जमध्ये सिरियल पोर्टचे नाव चुकले असेल तर तो व्यवस्थित चालू असूनही ऐकू येत नाही. या चिप-कुलात हे विशेष घडले, कारण लिनक्समधील त्या पोर्टचे नाव जुन्या चालक-प्रोग्रॅमखाली ‘टीटीवायओ०’ होते व नव्याखाली ‘टीटीवायएस०’ झाले. एका अक्षराच्या फरकाने चालता बोर्ड मृत भासतो.

लिनक्सला बोर्डची ओळख करून देणारी ‘डिव्हाइस ट्री’ ही फाइलही बूटलोडरच मेमरीत ठेवतो. ही संकल्पना ‘ओपन फर्मवेअर’ परंपरेतून पॉवरपीसी लिनक्समध्ये आली. आर्म लिनक्समध्ये बोर्डनिहाय कोडचा पसारा वाढल्याबद्दल लिनस तोरवाल्ड्स यांनी २०११ साली तीव्र नाराजी व्यक्त केल्यानंतर ती आर्मकडे वेगाने स्वीकारली गेली. बोर्डचे वर्णन कोडमधून काढून माहितीच्या रूपात ठेवणे हा पीपीसीबूटच्या मूळ विभागणीचाच पुढचा टप्पा म्हणता येईल.

९. पुनरुज्जीवन आणि कुलूप

बीगलबोन ब्लॅकवर ईएमएमसीमधील बूटलोडर पूर्ण पुसला गेला तरी बोर्ड मरत नाही. एस२ दाबून कार्डावरून तो सुरू करता येतो. कार्डही नसेल तर रॉम सिरियल पोर्टवर ‘सी’ हे अक्षर पुन:पुन्हा पाठवीत राहते. ‘एक्समोडेम’ पद्धतीने प्रोग्रॅम पाठवा, मी घेण्यास तयार आहे, असा त्या अक्षराचा अर्थ. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी ही पद्धत १९७७ साली, टेलिफोन तारेवरून फाइली पाठविण्यासाठी रचली होती. तिच्याद्वारे एसपीएल व त्यामागोमाग ‘वायमोडेम’द्वारे पूर्ण यू-बूट पाठवून बोर्ड परत उभा करता येतो. मागील पिढीत ज्यासाठी जेटॅग उपकरण लागे ते काम आता साध्या केबलवर होते. चूक करण्याचे भय गेले. म्हणूनच शिकणेही शक्य झाले.

परंतु या सोयीची दुसरी बाजू दुर्लक्षिता येत नाही. जी रॉम पुसता येत नाही तिला चुकवूनही जाता येत नाही. याच आधारावर ‘सुरक्षित बूट’ ही व्यवस्था उभी आहे. चिपमध्ये एकदाच जाळता येणाऱ्या फ्यूजांमध्ये उत्पादकाच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा कोरला जातो; त्यानंतर त्या किल्लीशी जुळणारी स्वाक्षरी असल्याखेरीज रॉम कोणताही बूटलोडर स्वीकारत नाही. एएम३३५एक्स कुलातही असे उच्च-सुरक्षा प्रकार आहेत. बीगलबोनवरील चिप मात्र सर्वसाधारण प्रकारची आहे. २०१३ पासून यू-बूटमध्येही स्वाक्षरी तपासून लिनक्स सुरू करण्याची सोय आहे. पैशांचे व्यवहार करणारे यंत्र, वीजमीटर किंवा वैद्यकीय उपकरण यांत अनोळखी प्रोग्रॅम शिरू नये ही गरज रास्तच आहे. प्रश्न उरतो तो किल्ली कोणाकडे असावी हा.

परवान्याच्या इतिहासात या प्रश्नाचे प्रतिबिंब दिसते. यू-बूट जीपीएलच्या १९९१ मधील दुसऱ्या आवृत्तीखाली वितरित होतो. सोर्स कोड द्यावा, संकलन व स्थापनेच्या लिप्या द्याव्यात, असे ती म्हणते. स्वाक्षरीच्या किल्ल्यांचा स्पष्ट उल्लेख तीत नाही. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या बाबतीत स्थापनेस लागणारी माहिती देणे बंधनकारक केले. यू-बूट मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. लिनक्समधून घेतलेल्या अनेक फाइलींचा परवाना केवळ दुसऱ्या आवृत्तीपुरता असल्यामुळे बदल सोपाही नव्हता. याचा व्यावहारिक परिणाम असा की एखाद्या उपकरणातील यू-बूटचा सोर्स कोड ग्राहकाला कायद्याने मिळू शकतो, तो वाचता येतो, सुधारता येतो. आणि तरीही त्याच उपकरणावर तो चालविता येत नाही.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) बूटलोडरची टप्प्याटप्प्याची रचना ही १९६० च्या दशकापासून अखंड चालत आलेली आहे, साधने बदलली तरी तिचे मूळ तत्त्व कायम आहे.

२) यू-बूटचे ऐतिहासिक कार्य केवळ एक प्रोग्रॅम लिहिण्यापुरते नाही. बोर्डनिहाय ज्ञान व समाईक ज्ञान यांची विभागणी करून त्याने बोर्ड उठविण्याची विद्या सार्वजनिक केली. फुटलेल्या शाखा पुन्हा एकत्र आणण्याचा २००२ मधील निर्णय यात निर्णायक ठरला.

३) सोर्स कोड खुला असणे ही शिकण्याची आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. चुकीनंतर बोर्ड परत उभा करण्याचा स्वस्त मार्ग उपलब्ध झाल्यावरच ती विद्या सामान्य प्रयोगशाळेपर्यंत पोहोचू शकली.

४) बोर्ड वाचविणारी रॉम व बोर्डला कुलूप लावणारी रॉम एकच आहे. ती कोणत्या बाजूने वापरली जाईल हे तंत्र ठरवीत नाही. फ्यूज जाळणारा ठरवितो.

महाविद्यालयीन विभागांच्या दृष्टीने चौथा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. बोर्डची खरेदी करताना प्रोसेसरची गती व मेमरी यांची तुलना केली जाते; त्यावरील बूटलोडर बदलता येतो का, बिघडल्यास कोणत्या मार्गाने परत आणता येतो आणि फ्यूज आधीच जाळलेले आहेत काय, हे प्रश्न निविदेच्या तुलनात्मक तक्त्यातही असावयास हवेत. डेडस्टॉक नोंदवहीत बोर्डची नोंद झाली म्हणजे त्याची मालकी महाविद्यालयाकडे आली, असे मानले जाते. परंतु ज्याची पहिली आज्ञा बदलण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नाही त्या बोर्डवर त्याला वरचे मजले बांधण्यास शिकविता येईल. पाया दाखविता येणार नाही. पीडीपी-८ च्या स्विचांसमोर उभ्या असलेल्या चालकाला जे सहज प्राप्त होते ते आजच्या विद्यार्थ्याला स्पेसबारच्या दोन सेकंदांत मिळते. हे दोन सेकंद खुले राहतील असेच बोर्ड प्रयोगशाळेत यावेत, हे पाहणे अध्यापकांच्या हाती आहे.